पन्नास

गिटार गळ्यात अडकवायच्या आधीच
अ‍ॅम्प बोलायला लागतो : घूंऽऽऽ
मी तारेला हातही लावलेला नसतो.

चार पेडलं, अडाप्टर एक.
जळगावहून आणलेला, एकशे ऐंशी रुपये,
गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.
एकाच वायरीला चार शेंड्या फुटलेल्या,
चौघं एका ताटात जेवतात
आणि डिले सगळ्यात जास्त खातो.
त्याला लागतात तीनशे मिलिअँपिअर,
ओव्हरड्राइव्हचं बिचाऱ्याचं दहात भागतं,
पण डिलेच्या पोटातली टिकटिक
तोच मोठ्यानं सांगतो साऱ्या मांडवाला.

बॅटरी घालून बघितली.
आवाज स्वच्छ, विहिरीच्या तळासारखा,
पण सावद्याच्या लग्नात
नवरदेव स्टेजवर चढता चढताच बसली.
रुबाब तडवी ड्रमच्या मागून ओरडला,
"भाऊ, वाजवून राहिला का नुसता उभा?"

म्हणून जामनेर रोडला, झोपेंच्या दुकानात.
दारात केळीच्या बागांच्या जळक्या मोटारी,
व्हार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं.
पुंडलिक झोपे चष्मा कपाळावर ढकलून
पेडलं उलटी करतात, पोटावरचं बारीक वाचतात.
"व्होल्ट देणारा लादतो," म्हणतात,
"नऊ म्हणजे नऊच. अठरा दिले की धूर.
अँपिअर मागणाऱ्याच्या मर्जीचे.
तू पाचशेची सोय ठेव,
ज्याला दहा लागतील तो दहाच घेईल."
पिनेशी मात्र थबकतात :
मधोमध ऋण, कडेला धन.
"हे जगाच्या उलटं आहे की रे."
मग बारीक तार बोटावर ताणत,
"चौघांना वायलं काढू.
कोर एक, वेटोळी चार.
वायलं निघालं म्हणजे भांडण झालं असं नाही."
शेजारच्या गाळ्यात त्यांचा भाऊ
पंखे दुरुस्त करतो.
मधल्या भिंतीला चहापुरती खिडकी आहे.

वडिलांना यातलं काही सांगितलं नव्हतं.
सांगून ऐकू गेलं नसतं.
एकतीस वर्षं दीपनगरला, टर्बाइनच्या मजल्यावर,
कान तिथंच ठेवून घरी आले,
बदल्यात एक घड्याळ आणि शाल.
संध्याकाळी मी वाजवायला बसलो की
खुर्ची ओढून येतात,
अ‍ॅम्पच्या लाकडावर तळहात टेकवतात.
"पन्नास," म्हणतात. "बरोबर चाललंय."
ज्या घूंला मी वर्षभर शिव्या दिल्या
ती राखायला ते रात्रपाळीला जायचे,
काट्यावरून नजर न काढता
भाकरी चावायचे.
आमच्या गच्चीवरून तिथल्या चिमण्या दिसतात.
तरी आमचीच लाईन तेव्हा दिवसातून तीनदा जायची.
हे त्यांना कधी विचारलं नाही.

आठ दिवसांनी डबा आला.
पत्र्याचा, बिस्किटाच्या डब्याएवढा, वजनाला वरवंटा.
बटण दाबलं. पेडलांचे लाल दिवे लागले
आणि काहीच नाही.
इतकं काहीच नाही
की रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याची घंटा
घरात येऊन उभी राहिली.

वडील आले. तळहात ठेवला.
उचलला, लेंग्याला पुसला, पुन्हा ठेवला.
"लाईन गेली का रे?"

पंखा त्यांच्या डोक्यावर फिरत होता.
मी काय सांगणार होतो.
सगळ्यात जाड तार मोकळीच छेडली
आणि वाजू दिली.
लाकूड थरथरलं तसे ते सावरून बसले,
ड्युटीवर असल्यासारखे.
"वर गेली," म्हणाले. "पन्नासाच्या बरीच वर."
मग डोळे न उघडता,
"कुठंतरी लोड सुटला."